तिसऱ्या दिवशी भेटते

बायको घर सोडून गेली त्याला चौदा महिने झाले, तेव्हा घड्याळजीला तिचा पहिला निरोप आला. तोही थेट नाही, लेकीच्या फोनवर. 'दोघं या. चार दिवस राहा, गाव बघा. मी तिसऱ्या दिवशी भेटते.' एवढंच.

घड्याळजी तेव्हा एका नाजूक बायकी घड्याळात मान घालून बसला होता. डोळ्याला भिंग तसंच ठेवून त्याने फोन जवळ धरला. एकेक अक्षर वाटाण्याएवढं दिसलं. मग भिंग काढून त्याने तो निरोप पुन्हा वाचला.

"तिसऱ्या दिवशी का गं?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत, बाबा."

"दोन दिवस विचाराला हवे असतील तिला." तो स्वतःशीच मान हलवत म्हणाला. "आणि नाहीच म्हणायचं असतं तर चार दिवस राहायला कशाला बोलावलं असतं?"

लेकीने फोन परत घेतला. लहानपणी ती अखंड बडबडायची म्हणून त्यानेच तिचं नाव टिकटिक पाडलं होतं. पुढे त्याचं टिकू झालं. आता ती पंचवीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, आणि आईचा विषय निघाला की तिची टिकटिक बंद पडायची.

आई गेली होती ती सहलीला. शिवणाच्या क्लासमधल्या नऊ जणी मिळून समुद्रावरच्या एका गावाला चार दिवसांसाठी गेल्या आणि आठ जणी परत आल्या. नववीची चिठ्ठी त्यांनी घड्याळजीच्या हातात दिली आणि उंबऱ्यातूनच काढता पाय घेतला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मी इथेच राहतेय. बरी आहे. मला शोधू नका. गच्चीवरच्या टाकीचा कॉक नीट बसत नाही, तो बदलून घ्या.' भांडण झालेलं नव्हतं. दुसरं माणूस वगैरे काही नव्हतं. घड्याळजी दारू प्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही, उभ्या आयुष्यात त्याने कुणावर हात उगारला नव्हता. त्याने टाकीचा कॉक बदलून घेतला आणि वाट बघत बसला. शेजारीपाजारी विचारत, तेव्हा "मोठ्या बहिणीची तब्येत बरी नाही, तिकडे गेलीय" असं सांगायचा. चौदा महिने त्या बहिणीची तब्येत काही सुधारेना. शेवटी लोकांनीच विचारायचं सोडून दिलं.

नऊ तासांचा प्रवास करून बापलेक त्या गावात उतरले तेव्हा दुपार झाली होती आणि गाव झोपलं होतं. अगदी शब्दशः झोपलं होतं. स्टँडसमोरचा फळवाला कलिंगडांच्या ढिगाला पाठ लावून घोरत होता. एक कुत्रा रस्त्याच्या मधोमध आडवा पडला होता आणि मोटारी त्याला वळसा घालून जात होत्या. लॉजच्या मालकीणबाईंनी जांभई देत वरची खोली दाखवली. दोन लोखंडी खाटा, गाठ मारून वर टांगलेली मच्छरदाणी, खाऱ्या हवेने फुगून चौकटीत न बसणारी खिडकी.

"किल्ली?" घड्याळजीने विचारलं.

"हरवली. लागत नाही तशी." बाई म्हणाल्या आणि त्याच्या हातात गावाचा नकाशा ठेवून खाली गेल्या. नकाशावर बघण्यासारख्या सात जागांना आकडे घातले होते.

घड्याळजीने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण बायकोने 'गाव बघा' म्हणून सांगितलं होतं, तेव्हा ते नीट, क्रमवार बघायचं असं त्याने ठरवलं. तोंड धुतलं, शर्ट बदलला, बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि एक नंबरला, म्हणजे दीपगृहाला निघाला. टिकू मागून म्हणाली, "बाबा, वाळूत बूट?" तो म्हणाला, "मग काय अनवाणी जायचं तिच्यासमोर?" "ती आज थोडीच भेटणारेय," टिकू म्हणाली. "समोरून आली तर?" तो म्हणाला.

दीपगृहाला कुलूप होतं आणि कुलपात खोचलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'आत्ता येतो.' कधी गेला, कधी येणार, काही नाही. घड्याळजी पायरीवर बसून दर दहा मिनिटांनी मनगटाकडे बघत होता. दीड तासाने रखवालदार सायकल ढकलत आला. "वाट बघत होतात? अरेरे. हाक मारायची, मी त्या झाडाखाली तर होतो."

वरून सगळं गाव एका नजरेत मावलं. विळ्यासारखा वाकलेला किनारा, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, निळ्या-हिरव्या पत्र्यांची छपरं, आणि पलीकडे कुठवर जातंय ते कळू नये असं पाणी. घड्याळजी कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिला. त्याच्या मनात आलं, या छपरांपैकी एकाखाली ती आत्ता आहे. मान वळवली की दिसेल इतकी जवळ. घरी असताना असा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता.

संध्याकाळी ते चौकात चहा प्यायला बसले. चौकातला मनोरा म्हणजे नकाशावरचा दोन नंबर. त्यावर मोठं घड्याळ होतं आणि ते दहाला पाच कमी असताना बंद पडलं होतं. घड्याळजीला राहवेना.

"हे दुरुस्त का करत नाही कुणी?" त्याने चहावाल्याला विचारलं. "अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी करून देतो."

"नका हो," चहावाला घाईने म्हणाला. "ते चालू झालं की लोकांना उशीर व्हायला लागेल."

घड्याळजी हसला. टिकूने चमकून त्याच्याकडे पाहिलं, कारण तो हसलेला तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्या हसण्यातूनच त्याला ती कल्पना सुचली. चहा पिता पिता त्याने चौकशी केली. गावात घड्याळवाला नाही. जवळचा आहे तो दोन तासांवर. वाळू आणि खारी हवा, म्हणजे घड्याळं बिघडणारच. आणि पावाच्या दुकानाशेजारी निळ्या शटरचा एक गाळा रिकामा होता. आठ बाय दहाचा. त्याला तेवढाच लागायचा.

"टिकू, ऐक," परतताना तो म्हणाला. "तिला हे गाव आवडलंय, बरोबर? मग तिने कशाला यायला पाहिजे तिकडे? मीच येतो की इकडे. माझं दुकान काय, एका पेटीत मावतं."

"बाबा, आधी भेटा तर खरं तिला."

"भेटतोच आहे परवा." तो म्हणाला, आणि वाटेत मुद्दाम थांबून त्याने तो गाळा पुन्हा एकदा पाहिला. शटरवर हात ठेवून, पावलांनी मोजून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन नंबरला, शंखशिंपल्यांच्या संग्रहालयात गेले. संग्रहालय म्हणजे एका शाळामास्तरांचं राहतं घरच होतं. मास्तर वारले होते, बाहेरच्या तीन खोल्यांत काचेची कपाटं होती आणि मागच्या खोलीत त्यांची म्हातारी बहीण राहायची. तीच तिकीट फाडायची आणि तीच माहिती सांगायची. घड्याळजी रिवाजाप्रमाणे पुढे झाला. म्हातारीने त्याला तिकीट दिलं, मग चष्मा वर करून टिकूकडे पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं, परत आलीस? ये, ये. आई कुठाय? गेल्या वेळी किती हसत होतात गं दोघी, माझी शंखांची नावं चुकत होती म्हणून."

टिकूचा चेहरा उतरला. घड्याळजी तिकीट हातात धरून उभा होता.

"गेल्या वेळी म्हणजे कधी?" त्याने म्हातारीला अदबीने विचारलं.

"झाले की चार महिने. आणि त्याच्या आधी एकदा. दोनदा ना गं?"

घड्याळजीने तिन्ही खोल्या पाहिल्या. एकही कपाट सोडलं नाही. प्रत्येक चिठ्ठी वाचली. टिकू त्याच्या मागे मागे फिरत होती आणि तो मागे वळून बघत नव्हता. बाहेर पडल्यावर तो नकाशा काढून चार नंबरच्या वाटेला लागला.

चार नंबर म्हणजे वाळूत रुतलेलं एक जुनं जहाज. गंजून त्याच्या फासळ्या तेवढ्या उरल्या होत्या आणि त्यांतून पाणी आतबाहेर करत होतं. लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेत होते. एका जोडप्याने घड्याळजीलाच फोटो काढायला सांगितला. त्याने तो काढून दिला, नीट आला का बघा म्हणाला, आणि मग एका ओंडक्यावर बसला.

"दुकानाचं ट्रेनिंग म्हणालीस," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. मी तुला डबा करून दिला होता."

"बाबा, तिने सांगितलं होतं बोलू नकोस म्हणून."

"कधीपासून बोलणं आहे तुमचं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

पहिल्या आठवड्यापासून. म्हणजे तो जेवायला बसायचा आणि समोर बसलेली लेक त्याला वाढायची, तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. तो म्हणायचा, 'आईचा काही फोन?' आणि ती मान हलवायची.

"मी रोज विचारत होतो तुला, टिकू."

"म्हणून तर!" टिकू एकदम रडायलाच लागली. "रोज विचारत होतात म्हणून तर. मला सहन होईना. मीच तिच्या मागे लागले. म्हटलं, तू त्यांच्या समोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. ते दारावर वाजलं की उठतात गं, म्हटलं. अजून तुझी उशी उन्हात घालतात. ती नाहीच म्हणत होती. दोन महिने मी तिच्या पाया पडत होते."

घड्याळजीने जहाजाकडे पाहिलं. भरती यायला लागली होती.

"म्हणजे ती नाही म्हणायला बोलावतेय," तो म्हणाला.

टिकूने मान खाली घातली.

त्याने खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला. तिच्यावर राग धरणं त्याला जमेना. पोर एकटीने दोन्हीकडचं ओझं उचलत होती आणि तिच्या खांद्यांची त्याने कधी विचारपूस केली नव्हती. पण आतून तो पार हलला होता. आपल्याला टाकून गेलेलं माणूस एकच आहे असं तो चौदा महिने धरून चालला होता. घरात उरलेलं माणूसही अर्धं तिकडेच होतं, हे आज कळत होतं.

आणि तरीसुद्धा, लॉजवर परतताना, तो पावाच्या दुकानाशी थांबला. गाळ्याचा मालक कोण, एवढं विचारून घेतलं. टिकूने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने नजर चुकवली. "विचारायला काय जातंय," तो पुटपुटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती आली. आदल्या रात्री टिकूला कळवलेल्या वेळेला, मिनिटही इकडे तिकडे नाही. लॉजच्या फाटकाशी एक जुनी स्कूटर थांबली आणि घड्याळजीने आधी तिला ओळखलंच नाही. केस मानेपर्यंत कापलेले. ढगळ पॅन्ट, बाह्या दुमडलेला शर्ट, उन्हाने रापलेला चेहरा. पायांत रबरी चपला. ती पहिल्यापेक्षा बारीक झाली होती आणि तरुण म्हणावी तर तशीही नव्हती. पण चालताना तिचे हात हलत होते. घरी ती हात अंगाशी धरून चालायची, हे त्याला आत्ता त्या हातांकडे बघताना आठवलं.

"प्रवास बरा झाला?" तिने विचारलं.

"झाला. तू बरी आहेस?"

"बरी आहे. तुमचं गुडघ्याचं कसं आहे?"

"आहे तसंच."

तिने स्कूटरची किल्ली खिशात टाकली. शेवटी घड्याळजी म्हणाला, "तिसरा दिवसच का म्हणालीस? मी विचार करत होतो."

"आज माझी सुट्टी असते," ती म्हणाली. "लाँड्रीत काम करते मी. इथल्या सगळ्या लॉजच्या चादरी आमच्याकडेच येतात. तुम्ही झोपलात त्यासुद्धा. चला, काय काय बघून झालं?"

त्याने नकाशा दाखवला. तिने त्यावर नजरही टाकली नाही. "पाच, सहा, सात सोडा," ती म्हणाली. "मी दाखवते."

आणि तिने खरंच गाव दाखवलं. वाळूतून पुढे पुढे चालत तिने त्यांना खडकांमधल्या पाण्याच्या डबक्यांशी नेलं, तिथे पालथं पडून डोकं पाण्याशी नेलं की तळाशी जांभळी फुलं दिसायची. बोट लावलं की ती मिटायची. फुलं नव्हतीच ती, जिवंत प्राणी होते. तिने घड्याळजीला पालथं पडायला लावलं. मग एका भोकाच्या खडकाशी नेलं. लाट आत शिरली की त्या भोकातून हुश्श करून फवारा उडायचा. गावातले लोक त्याला 'सासूबाई' म्हणायचे. "कारण काही बोलत नाहीत, नुसतं हुश्श करतात," ती म्हणाली आणि स्वतःच मोठ्याने हसली. टिकूही हसली. होडीवाले तिला हात करत होते. जाळी विणणाऱ्या एका बाईने तिला लांबून हाक मारून विचारलं, "पाहुणे का गं?" ती म्हणाली, "हो, पाहुणे."

तो शब्द घड्याळजीने ऐकला आणि पुढे चालू लागला.

दुपारी टेकडीवरच्या एका नारळाच्या झापांच्या छपराखाली ते मासे आणि पाव खायला बसले. खाणं झाल्यावर टिकू उठली, मी जरा खाली जाऊन येते म्हणाली, आणि दोघांना एकटं सोडून उतारावरून निघून गेली.

घड्याळजीने सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. पण बोलायला लागला तेव्हा शब्द घाईघाईत, एकमेकांवर पडत बाहेर आले.

"मी तुला परत चल म्हणायला आलो नाही. टिकूने सांगितलं मला सगळं. तुला इथे बरं वाटतं ते मी डोळ्यांनी बघतोय. मी काय म्हणतो, मीच इथे येतो. पावाच्या दुकानाशेजारी गाळा रिकामा आहे. मालकाला भेटायचं बाकी आहे फक्त. तू लाँड्रीत जा, तुला हवं ते कर. मी तुझ्या मध्ये येणार नाही. मी माझं काम करीन."

ती समुद्राकडे बघत होती. तिने लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्या चार-सहा क्षणांत घड्याळजीच्या मनात पुन्हा आशेने उचल खाल्ली.

"नका येऊ," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही आलात तर हे गावही आपलं घरच होईल."

त्याला ते नीट कळलं नाही, किंवा कळूनही त्याने कळू दिलं नाही. "मी कधी तुला वाईट वागवलं का?" त्याने विचारलं. "एक प्रसंग सांग."

"नाही वागवलं. तुम्ही वाईट नाहीच. तुम्ही वाईट असता तर मला कुणाला सांगता तरी आलं असतं." ती त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याची त्याला जास्त भीती वाटली. "टिकू परीक्षेसाठी हॉस्टेलला होती त्या वर्षी मी तुमच्याशी बोलणं बंद केलं होतं. आठवतंय?"

"कधी?"

"हिवाळ्यात. मुद्दाम केलं. म्हटलं, बघू कधी लक्षात येतंय. जेवायला वाढत होते, चहा देत होते, पण तोंडातून एक शब्द नाही. हूं की चूं नाही. अकरा दिवस."

घड्याळजीने आठवायचा प्रयत्न केला. मनापासून केला. त्या हिवाळ्यात त्याच्याकडे कुठल्याशा कचेरीचं मोठं लंबकाचं घड्याळ आलं होतं, त्याचं दाते झिजलेलं चाक कुठे मिळत नव्हतं, शेवटी त्याने ते स्वतः कानशीने घासून बनवलं. ते चाक त्याला दात्यादात्यासकट आठवत होतं. बायको त्याला आठवेना.

"बाराव्या दिवशी?" त्याने हळूच विचारलं.

"बाराव्या दिवशी गॅस संपला. तो सांगावाच लागला." ती जरा हसली. "तुम्ही 'बरं' म्हणालात. मी तिथे ओट्याशी उभी राहिले आणि मला वाटलं, मी मेले तर यांना आधी काय कळेल? चहा नाही आला ते."

"अगं, तेव्हाच बोलायचं होतंस मग. भांडायचं होतंस. मला कळत नाही तर मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सुधारला असता. चार दिवस. मग मी त्या चार दिवसांवर आणखी दहा वर्षं काढली असती. माझी तेवढी ताकद नव्हती उरलेली."

खाली टिकू पाण्याच्या कडेने एकटी चालत होती. वरून ती अगदी लहान दिसत होती.

"आता मला कळलंय," घड्याळजी म्हणाला. "आता मी तसा नाही राहिलो. खरंच सांगतो."

"असेल," ती म्हणाली. "पण आता मला नकोय ते. तुमच्यावर रुसून नाही म्हणत. रुसवा असता तर काढता आला असता." मग तिने हात पुढे करून त्याच्या शर्टावरचा पावाचा चुरा झटकला, सत्तावीस वर्षांच्या सवयीने, आणि लगेच हात मागे घेतला. "चुकलं," ती म्हणाली.

टिकू परत आली. तिघं टेकडी उतरली. फाटकाशी तिने टिकूला घट्ट मिठी मारली, घड्याळजीला "गुडघ्याला तेल लावत जा" म्हणाली, आणि स्कूटर चालू करून गेली. वळणावर तिने हात केला. तो टिकूसाठी होता की दोघांसाठी, ते त्याला ठरवता आलं नाही.

चौथा दिवस त्यांनी खोलीतच काढला. टिकू म्हणाली, "बाबा, बाहेर तरी पडू या." तो म्हणाला, "बघून झालं." खाटेवर भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. चादर स्वच्छ होती, कडेने सरळ इस्त्रीची घडी होती. संध्याकाळी तो उठला, बॅग भरली, आणि लॉजच्या मालकीणबाईंनी "कसं वाटलं आमचं गाव?" असं विचारल्यावर "छान आहे" म्हणाला. ते खोटं नव्हतं.

घरी परतल्यावर शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी विचारलं, "काय, भेटलात का वहिनींना? बहीण कशी आहे?" घड्याळजी पायरीवर थांबला. "बहिणीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "ही काही परत येणार नाही आता." त्याने कुलूप उघडलं आणि आत गेला.

तो बदलला मात्र. टिकू घरी आली की फोन, रेडिओ, हातातलं काम सगळं बाजूला ठेवायचा आणि तिच्यासमोर बसायचा. आज काय झालं, कोण आलं होतं, कुणाला किती नंबर लागला, असं एकेक विचारायचा. टिकू सांगायची. पण त्याच्या डोळ्यांत अशी काही घाई असायची, असं काही शिकल्यासारखं लक्ष असायचं, की ती थकून जायची. चार महिन्यांनी तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दुकानात जागा मिळाली. "जाऊ ना, बाबा?" तिने विचारलं. "जा की," तो म्हणाला. नको म्हणायचा हक्क आपण कधीच गमावलाय असं त्याला वाटलं. ती दर रविवारी फोन करते. तो शनिवारपासून प्रश्न जमवून ठेवतो.

हिवाळा संपत आला असताना एका दुपारी दुकानात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. "मी बोलतेय," पलीकडून आवाज आला, आणि घड्याळजी स्टुलावरून उठून उभा राहिला.

"माझा जन्मदाखला हवा होता," ती म्हणाली. "इथे खोली घेतेय माझ्या नावावर. टिकूला विचारलं, तिला ठाऊक नाही कुठे आहे. कपाटात वरच्या कप्प्यात, निळ्या फायलीत असेल."

"बघतो. आजच बघतो. मी... मी घेऊन येऊ का?"

"कुरिअर करा. पत्ता पाठवते."

दुकान बंद करून तो घरी गेला. फाइल तिने सांगितलेल्या जागीच होती. दाखला जुना, घड्यांवर फाटायला आलेला. त्याने तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, पाकीट पुठ्ठ्यात घातलं, पुठ्ठा लिफाफ्यात. एक चिठ्ठी लिहायला घेतली. तीन कागद फाडले. चौथ्यावर 'दाखला सोबत आहे' एवढंच लिहिलं आणि तोही शेवटी घातला नाही. कुरिअरवाल्याने विचारलं, "महत्त्वाचं आहे का काही?" तो म्हणाला, "कागद आहे एक."

तीन दिवसांनी पुन्हा तोच नंबर.

"मिळाला हो दाखला," ती म्हणाली. "अगदी नीट बांधून पाठवलात. थँक्यू."

सत्तावीस वर्षांत तिने त्याला किती काय म्हटलं होतं. अहो म्हटलं होतं, ऐकता का म्हटलं होतं, गॅस संपला म्हटलं होतं. थँक्यू कधी म्हटलं नव्हतं. ते ती दुकानदारांना म्हणायची, रिक्षावाल्यांना, दारावर पार्सल घेऊन येणाऱ्या माणसाला.

"त्यात काय," घड्याळजी म्हणाला.

"बरं मग, ठेवते."

"हो. ठेव."

फोन बंद झाला. काउंटरपाशी एक गिऱ्हाईक कधीचं उभं होतं, घड्याळाचा पट्टा बदलायचा होता त्याला. घड्याळजीने पट्ट्यांचा खोका काढला आणि त्याच्यासमोर उघडून ठेवला. "काळा की तपकिरी?" त्याने विचारलं. गिऱ्हाइकाने काळा म्हटलं. त्याने तो बसवून दिला.